रखवालीचा करार : चोपडा परगणा, १८१८ ते १८५८

चोपड्याच्या वायव्येला, चारेक कोसांवर लासूर आहे. पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत इथे ठोके घराण्याची सत्ता होती आणि गुलझारखान हा त्यांचा शेवटचा कर्ता पुरुष. त्याने पदरी अरब शिपाई बाळगले होते. पगार थकले. तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून त्याने अरबांना आसपासचा मुलूख मोकळा करून दिला : जा आणि आपला पगार आपणच वसूल करा. मग गावोगाव खंडणी सुरू झाली. रयतेच्या तक्रारी यावलच्या निंबाळकरांपर्यंत गेल्या. निंबाळकरांकडे कर्नाटकी शिपायांची फौज होती. गॅझेटियरात आलेल्या हकिकतीप्रमाणे हे कर्नाटकी नोकरी मागण्याचा बहाणा करून गुलझारखानाकडे गेले आणि त्याला दग्याने ठार केले. लासूर निंबाळकरांच्या हाती आले.

या हकिकतीत चोर कोण आणि शिपाई कोण, हे ठरवायला बसलो तर दिवस मावळेल. अरब पगारी शिपाई होते आणि लूट तेच करत होते. निंबाळकर बंदोबस्ताला आले आणि त्यांनी खून केला. फिर्याद घ्यायला, साक्ष ऐकायला, शिक्षा द्यायला मधे कोणी नव्हतेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खानदेशातली गुन्हेगारी समजून घ्यायची, तर हा गोंधळ आधी लक्षात घ्यावा लागतो.

चोपडा परगण्याची जमीनच अशी. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा, पश्चिमेला अनेर. तापीकाठची काळी माती सोन्यासारखी पिकणारी, आणि तिच्यापासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर दाट जंगल. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी धरणगाव आणि चोपडा लुटले, तेव्हा या दोन्ही खानदेशातल्या अत्यंत श्रीमंत पेठा होत्या. जिथे पेठ तिथे वाट आणि जिथे वाट तिथे वाटमारी, हे सगळीकडेच होते. इथली खरी अडचण वेगळी होती. पेशवे, होळकर, शिंदे यांचे महाल एकमेकांत गुंतलेले आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराला लागून निजामाची हद्द. एका सरकारच्या गावात चोरी करावी, रात्रीतून दुसऱ्या सरकारच्या गावात शिरावे आणि तिसऱ्याच्या बाजारात माल विकावा. हद्द ओलांडून मागे जाण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

तरीही शे-दीडशे वर्षे गावे नांदली, ती एका जुन्या व्यवस्थेवर. कंपनीचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात ती बारकाईने लिहून ठेवली आहे. गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर. हाताखाली कुलकर्णी, चौगुला आणि महार. रात्रीची गस्त जागल्याची. दख्खनच्या इतर भागांत हे काम महार, रामोशी, कोळी करत. खानदेशात जागल्या बहुधा भिल्ल असे. त्याचे काम नुसते हाकाटी करण्याचे नव्हते. गावात कोण आले, कोण कुठे मुक्कामाला उतरले, कोणाच्या घरी अनोळखी पाहुणा आहे, हे सगळे त्याला ठाऊक असायला हवे.

चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. पहाटे दव असताना चोराचे पाऊल ओल्या मातीत नीट उमटलेले असते. सापडलेले पाऊल पाटीखाली झाकून ठेवायचे, काडीने त्याची लांबी-रुंदी मोजायची, टाचेचा भार कुठे पडला ते बघायचे आणि शिवारातून पुढे सरकत राहायचे. माग शिवेपर्यंत पोचला की पलीकडच्या गावच्या जागल्याला बोलावून त्याच्या हवाली करायचा. मग तो पुढे. ज्या गावच्या शिवारात माग संपेल आणि पुढे दाखवता येणार नाही, त्या गावाने चोरीचा माल द्यावा नाहीतर भरपाई करावी. पंचनामा नाही, वकील नाही. शिव हीच साक्ष आणि गाव हाच जामीन.

या कामाबद्दल जागल्याला गावाकडून हक्क मिळे : खळ्यावर धान्य, कुठे थोडी जमीन, सणावारी मान. घाटांवरच्या भिल्ल नाईकांचे हक्क त्याहून मोठे. व्यापाऱ्यांचे तांडे सुखरूप पार करून द्यायचे आणि त्याबद्दल ठरलेली रक्कम घ्यायची. बाहेरच्या माणसाला ही खंडणी वाटे. नाईकाच्या दृष्टीने ती पिढीजात मजुरी होती. खानदेशातली शांतता या करारावर उभी होती : तुम्ही आम्हाला धान्य द्या, आम्ही तुमची झोप राखू.

हा करार १८०२ ते १८०४ या दोन वर्षांत मोडला. यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला. पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओस पडली. खळ्यावर धान्यच नाही, तर जागल्याला हक्क कोण देणार? पाटील परागंदा, कुलकर्णी परागंदा, आणि राखणदार डोंगरात. ज्याला प्रत्येक गावची वाट, प्रत्येक वाड्याची कडी आणि प्रत्येक सावकाराचा दिनक्रम माहीत होता, तोच आता रात्री बाहेरून येऊ लागला.

मराठी अंमलदारांनी यावर शोधलेला उपाय भीषण होता. सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने मनोहरगीर गोसाव्याच्या सल्ल्याने भिल्लांना बोलणी करण्यासाठी कोपरगावला बोलावले आणि जमलेल्यांपैकी बहुतेकांना दोन विहिरींत फेकून मारले. अंतुरच्या किल्ल्यावरून कडेलोट होत. तोफेच्या तोंडी देणे, तापलेल्या लोखंडावर बसवणे, अशा शिक्षांची वर्णने इंग्रजी कागदांत आहेत. ती लिहिणाऱ्यांना आपले राज्य उजळ दाखवायचे होते, हे धरून चालले तरी कोपरगाव घडले होते आणि भिल्ल ते विसरले नव्हते. अभयवचन देऊन बोलावतात आणि मारतात, हा धडा त्यांच्या पोरांनीही पाठ केला होता. पुढच्या वीस वर्षांत सरकारचा कोणीही माणूस बोलणी करायला आला की आधी कोपरगाव आडवे येई.

१८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि होळकरांचा खानदेशातला मुलूख कंपनीकडे आला. २७ फेब्रुवारीला थाळनेरच्या दारात रक्त सांडले. सर थॉमस हिस्लॉपने किल्लेदार तुळशीराम मामाला फासावर दिले. मालेगावचे अरब जूनपर्यंत लढले. त्यानंतर कारभार हाती घेतला कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने. फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर पुढे ज्याने केले तोच हा ब्रिग्ज. त्याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. वसुली, न्याय, फौजदारी आणि राजकारण ही चारही कामे त्याच्या एकाच मेजावर होती.

ब्रिग्जने दोन हातांनी काम केले. एका हाताने फौजा लावून डोंगराच्या वाटा अडवल्या, धान्याचा पुरवठा तोडला. दुसऱ्या हाताने जे नाईक खाली येतील त्यांचे जुने हक्क मान्य करून नेमणुका बांधून दिल्या. मुंबई-आग्रा वाटेवरच्या सेंधवा घाटाच्या राखणीसाठी गुमानी नाईकाशी असाच बंदोबस्त झाला. पण गोऱ्या सरकारचे पैसे वेळेवर पोचत नसत, आणि एका नाईकाच्या टोळीशी झालेला करार दुसऱ्याच्या टोळीला बांधत नसे. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे जून १८१८ मध्ये पकडला गेला, तरी त्याचे पुतणे गोदाजी आणि महिपा भिल्लांना चेतवतच राहिले. जंगलात पाठवलेल्या पलटणी लढाईपेक्षा तापाने अधिक मेल्या. एका नाईकाला फासावर दिले की त्याच्या जागी दुसरा उभा राही. १८२३ च्या सुमारास ब्रिग्ज गेला आणि रॉबर्टसन आला, तेव्हाही कागदावरचा हिशेब फारसा बदललेला नव्हता.

गावात मात्र एक बदल झाला होता, आणि तो रयतेला पटकन कळला. पूर्वी चोर पकडला की पाटील किंवा कमाविसदार त्याला झोडपून कबुली घेई, माल परत मिळे, प्रकरण मिटे. क्रूर खरे, पण जवळचे. आता चोरीची खबर पाटलाने मामलेदाराला द्यायची, मामलेदाराने मॅजिस्ट्रेटला कळवायचे, आणि मॅजिस्ट्रेट म्हणजे कलेक्टर. फिर्यादीने साक्षीदार घेऊन तापी ओलांडून धुळ्याला जायचे. चोपड्याच्या शेतकऱ्याचा बैल गेला, तर बैलाच्या किमतीपेक्षा जाण्यायेण्यात आणि मुक्कामात जास्त खर्च. आणि साक्ष देऊन परत आल्यावर खळ्याला रात्री आग लागली तर? लोक चोरी झालीच नाही म्हणून सांगू लागले. पाटीलही गप्प राहू लागला, कारण खबर दिली नाही तर ठपका, आणि दिली तर डोंगरातून निरोप. एल्फिन्स्टनला हे दिसत होते. गावची व्यवस्था मोडून नवी बसवता येणार नाही, हे त्याने त्या अहवालातच लिहिले होते. १८२७ च्या त्याच्या कायदेसंहितेत कलेक्टर, मामलेदार आणि गावचा पाटील ही साखळी कायद्यात आली ती त्यामुळेच. पाटलाचे पद राहिले. मात्र त्याच्या मागे उभा असलेला जागल्या आणि त्याचा हक्क यांची घडी त्या कायद्याने आपोआप बसणार नव्हती.

याच वर्षांत, सात समुद्रांपलीकडे आयर्लंडच्या खेड्यांतही रात्री गोठे पेटत होते. १८२१ ते १८२४ या काळात लिमरिक आणि आसपासच्या परगण्यांत 'कॅप्टन रॉक' या बनावट नावाने धमकीची पत्रे येत. जास्त खंड घेणाऱ्या जमीनदाराचे गवत जळे, चर्चचा दशांश वसूल करणाऱ्याला मार पडे, जनावरांच्या शिरा तोडल्या जात. तिथला मॅजिस्ट्रेट गावचाच जमीनदार असे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध राग, तोच न्यायाधीश. साक्षीदार पुढे येत नसत. हे दुखणे जुनेच होते, म्हणून सरकारने १८१४ पासूनच पगारी मॅजिस्ट्रेट आणि सरकारी पोलीस नेमायला सुरुवात केली. १८२२ मध्ये परगणावार कॉन्स्टेबल उभे केले. १८३६ मध्ये त्यांची एकच आयरिश कॉन्स्टेब्युलरी झाली. खानदेशात अडचण उलटी होती. इथला पाटील गावचा होता आणि गावाच्या बाजूचाही होता, पण त्याच्या हातात काही उरले नव्हते. आयर्लंडमध्ये दंडाधिकारी फार जवळ होता, इथे फार दूर. दोन्हीकडे परिणाम एकच : ज्याला सगळे माहीत आहे तो बोलत नाही.

१८२५ मध्ये मुंबई सरकारने धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी उभ्या राहिल्या : कन्नडला ओव्हान्स, कुकरमुंड्याला रिग्बी, आणि ईशान्य भागात, म्हणजे चोपडा-यावलच्या समोर तापीपलीकडे धरणगावला, जेम्स आउट्रम. आउट्रम तेव्हा बावीस वर्षांचा लेफ्टनंट होता. भिल्लांचीच पलटण उभी करायची, हे त्याचे काम.

सुरुवात हल्ल्यानेच झाली. थोडे शिपाई घेऊन त्याने एका टोळीच्या वस्तीवर अवचित छापा घातला आणि माणसे धरली. त्यातल्या काहींना सोडून देऊन बाकीच्यांच्या नातेवाइकांना आणायला पाठवले. मग तो एकटा, पहारा न घेता, नाईकांच्या पाड्यांवर जाऊन राहू लागला. आपण त्यांना भरपूर ब्रँडी पाजली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पहिल्यांदा पाच जण तयार झाले. शिकारीचाही त्याला वेडा नाद. १८२५ ते १८३४ या काळात त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १९१ वाघ मारले, अशी नोंद आहे. डोंगरातल्या माणसाला पलटणीच्या कवायतीपेक्षा वाघासमोर उभा राहणारा साहेब लवकर कळला.

तरी भीती होतीच. इतके भिल्ल एका जागी गोळा करतात ते कशासाठी? कोपरगावची आठवण ताजी होती. ही भीती कमी झाली ती एका साध्या प्रसंगाने. नवी पलटण मालेगावच्या छावणीत गेली, तेव्हा आउट्रमच्या जुन्या रेजिमेंटमधल्या उच्चवर्णीय शिपायांनी या भिल्लांची टिंगल केली नाही. त्यांना बोलावून शेजारी बसवले आणि पान-सुपारी दिली. आउट्रमने ही गोष्ट अगत्याने नोंदवली आहे. एका विड्याने कामगिरी फत्ते झाली असे नाही, पण ज्यांना गावकुसाबाहेर उभे राहायची सवय होती, त्यांना तो विडा किती मोठा वाटला असेल हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

पलटणीची कीर्ती झाली, पण एजंटांच्या कामाचा दुसरा अर्धा भाग अधिक मोलाचा होता. भिल्ल एजंटांना फौजदारी अधिकार होते. किरकोळ गुन्हे, बायकापोरांची भांडणे, नाईक आणि पाटील यांच्यातले हक्काचे तंटे ते जागेवर मिटवत. मागचे गुन्हे माफ करून ते माणसांना जमीन देत, बैल आणि बियाण्यासाठी तगाई देत. कोणत्या गावाकडून कोणत्या जागल्याचा किती हक्क येणे आहे, याची चौकशी होई. धुळ्याचा दूरचा मॅजिस्ट्रेट जे करू शकत नव्हता, ते पाड्यावर येऊन बसणारा हा अर्धा मॅजिस्ट्रेट, अर्धा तगाईदार करू लागला. १८२८ मध्ये कलेक्टरने कळवले की वीस वर्षांत पहिल्यांदाच जिल्ह्याला स्वस्थता मिळाली आहे. अडीच वर्षांत जे झाले ते बंदुकांनी झाले असते, तर त्याआधीच्या सात वर्षांतच व्हायला हवे होते.

पण ही व्यवस्था डाग नसलेली नव्हती. १८३१ मध्ये यावल आणि सावदा भागात दरोडे वाढले आणि आउट्रमला चौकशीला पाठवले गेले. त्याने ४६९ संशयितांना धरले. खटल्यासाठी त्यातले १५८ पाठवले. उरलेले ३११ जण का धरले गेले होते? सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो, भिल्ल किंवा तडवी आहे, आणि चोरीच्या रात्री कुठे होता हे सांगायला साक्षीदार नाही, एवढे संशयाला पुरेसे होत असे. माग काढण्याच्या जुन्या रीतीत संशय पावलावर असे. नव्या रीतीत तो जातीवर बसू लागला होता. पुढे १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्याची तयारी अशा झडत्यांतच झाली.

हद्दींचा घोळ मिटायला आणखी वेळ लागला. मधल्या काळात यावल शिंद्यांकडे परत गेले. १८४४ च्या ग्वाल्हेरच्या तहाच्या सुमारास चोपडा, यावल आणि पाचोरा कायमचे कंपनीच्या खानदेशात आले. आता पावलाचा माग काढत निघालेल्या जागल्याला सातपुड्यापासून अजिंठ्यापर्यंत एकच सरकार होते. चोराला पळून जायला दुसरे राज्य उरले नाही, तसे रयतेला दाद मागायलाही उरले नाही. १८५२ मध्ये जमिनीची नवी मोजणी आली, तेव्हा सावदा, फैजपूर आणि एरंडोलकडचे शेतकरी जमाव करून उठले. ते ना भिल्ल होते ना दरोडेखोर. पाटील, देशमुख, बागायतदार कुणबी त्यांत होते. त्यांना आवरायला सरकारने धाडली ती भिल्ल पलटण. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांच्यापासून गावांना वाचवायचे होते, त्यांनाच आता गावांवर घातले होते.

आणि मग खाजा नाईक. ज्या गुमानी नाईकाशी सेंधवा घाटाचा बंदोबस्त झाला होता, त्याचा हा मुलगा. चोपड्याच्या पश्चिमेला, शिरपूरच्या वर हा घाट. खाजा वीस वर्षे घाटाची राखण करत होता आणि सरकार त्याच्यावर खूश होते. त्याच्या ताब्यातला एक संशयित मेला, आणि १८५१ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. बापाच्या काळात हे प्रकरण घाटावरच संपले असते. आता ते कोर्टात गेले. कायद्याने ते बरोबरच होते. मुदतीआधी तो सुटला आणि १८५७ मध्ये उत्तरेकडून बंडाच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा सरकारने त्यालाच परत कामावर घेतले. थोड्याच दिवसांत त्याने आणि भीमा नाईकाने सातपुडा उठवला. नोव्हेंबरमध्ये त्याच आग्रा रस्त्यावर सरकारचा सुमारे सात लाखांचा खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला लढाई झाली. सरकारी फौजेत भिल्ल पलटणही होती. पकडलेल्यांपैकी अनेकांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या गेल्या. खाजा निसटला, १८६० मध्ये तो दग्याने मारला गेला.

कंपनीच्या कागदांत खाजा आधी 'विश्वासू' आहे, मग 'कैदी', मग 'बंडखोर'. आज आपण त्याला स्वातंत्र्यवीर म्हणतो. ही सगळी विशेषणे बाहेरून लावलेली आहेत. त्याच्या स्वतःच्या बाजूने पाहिले तर घाट त्याचा होता, राखण त्याची होती आणि ती कोणासाठी करायची हे ठरवण्याचा हक्कही त्याचाच होता. सरकारने राखण ठेवली आणि हक्क काढून घेतला.

दरम्यान खानदेशाचे पोलीसखाते ज्या साच्यात बसले तो साचा गावचा नव्हता. सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये आयरिश कॉन्स्टेब्युलरीच्या धर्तीवर तिथे पोलीस उभे केले. त्याच धर्तीवर १८५३ पासून मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्याला वेगळा पोलीस सुपरिंटेंडंट आला. लिमरिकच्या गवताच्या गंज्या विझवायला तयार झालेली व्यवस्था अशी कराचीमार्गे धुळ्याला पोचली. १८९१ मध्ये भिल्ल पलटणही जिल्हा पोलिसांत मिसळून गेली. १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पाटलाचे काम कागदावर राहिले, आणि पोलीस पाटील आजही गावागावांत आहे.

आउट्रमची पलटण, ब्रिग्जचा बंदोबस्त, एल्फिन्स्टनची संहिता यांची नोंद इतिहासात नीट आहे. चोपड्याच्या पट्ट्यात गुन्हे ज्या ज्या वेळी खाली आले, त्या त्या वेळी मात्र कोणीतरी डोंगरातल्या माणसाशी ठरलेले धान्य, ठरलेली जमीन, ठरलेला मान पुन्हा सुरू केला होता. ज्या वेळी गुन्हे वाढले, त्या वेळी आधी हे सगळे बंद पडलेले होते. ब्रिग्जला हे अर्धे कळले होते, आउट्रमला बरेचसे. धुळ्याच्या कचेरीत वसुलीचा जमाखर्च चोख राहिला. जागल्याच्या थकलेल्या हक्काचे खाते मात्र तिथे कधी कायमचे उघडले गेले नाही, आणि त्या थकबाकीची वसुली डोंगराने वेळोवेळी आपल्या पद्धतीने केली.